बागकामाच्या धंद्याला गाडी कोणती? बिनबोनेटचा टेम्पो, पासिंग आणि ओल्या मातीचं वजन

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून बरेच जण भाड्याचा टेम्पो सोडून स्वतःची गाडी घ्यायच्या विचारात आहेत. त्यात सोसायट्यांच्या बागा सांभाळणारे, बंगल्यांना लॉन लावून देणारे, नर्सरी चालवणारे असे सगळेच आले. शोरूममध्ये गेलं की विक्रेता हप्ता सांगतो, मायलेज सांगतो, शेजारच्या तालुक्यात कोणी काय घेतलं तेही सांगतो. आपल्या मालाचं वजन मात्र तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

हा लेख डोळ्यांसमोर पुण्याचा धंदा ठेवून लिहिला आहे. उरुळी कांचन-सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांमधून माल उचलायचा, हडपसरची गर्दी पार करायची आणि बाणेर, बावधन किंवा कोंढव्याच्या सोसायटीत तो उतरवायचा. नाशिक किंवा कोल्हापूरवाल्यांनी गावांची नावं बदलून वाचलं तरी हिशोब बदलणार नाही.

नाक नसलेली गाडी

मालवाहू गाड्यांचे ढोबळ दोन प्रकार. एका प्रकारात इंजिन पुढे बोनेटखाली असतं आणि चालक त्याच्या मागे बसतो. बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा या अशा गाड्या. दुसऱ्या प्रकारात बोनेट जवळजवळ नसतंच. केबिन थेट पुढच्या चाकांवर येते आणि इंजिन बहुतेक सीटखाली असतं. याला इंग्रजीत कॅब-फॉरवर्ड म्हणतात, आपण बिनबोनेटची म्हणू. टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, टाटा इंट्रा, अशोक लेलँडचा दोस्त, मारुतीची सुपर कॅरी या सगळ्या त्या जातीच्या. दारात येणारी घंटागाडीही बहुधा याच जातीची. या दोन्हींच्या मधलाही एक प्रकार आहे. १९८६ पासून रस्त्यावर असलेल्या टाटा ४०७ ला आखूडसं नाक आहे आणि तिच्या अंगावर एसएफसी अशी अक्षरं दिसतात. त्यांचा अर्थ सेमी फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे केबिन अर्धवट पुढे सरकवलेली.

केबिन पुढे का सरकवायची? लांबी वाचवायला. नाक गेलं की तेवढीच लांबी हौद्याला मिळते, किंवा हौदा तेवढाच ठेवून गाडी आखूड होते. इंट्राच्या व्ही३० मॉडेलची एकूण लांबी साधारण साडेचार मीटर आणि हौदा नऊ फुटांच्या आसपास आहे. जवळजवळ तेवढाच हौदा बोलेरो पिकअपमध्ये हवा असेल तर गाडी पाच मीटरच्या पुढे जाते. सोलापूर रस्त्यावर या फरकाचं कोणाला काही वाटणार नाही. पण सोसायटीच्या फाटकातून आत शिरून, दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असताना, क्लबहाउसच्या कोपऱ्यावर गाडी वळवायची असेल तर हाच अर्धा-पाऊण मीटर ठरवतो की माल बागेपाशी उतरणार की फाटकावर उतरवून घमेल्यांनी आत वाहायचा. घमेल्यांनी वाहिलेल्या मातीची मजुरी कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते.

बोनेटच्या गाडीची सवय असलेल्याला पहिले काही दिवस वळणं चुकल्यासारखी वाटतात. पुढची चाकं आपल्याखाली असतात, त्यामुळे कोपरा थोडा ओलांडून मग स्टिअरिंग फिरवावं लागतं. हात लवकर बसतो.

पासिंग: आरसी काढा आणि वजाबाकी करा

"गाडीचं पासिंग किती?" हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याचं उत्तर विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नका, कागदावर शोधा. नोंदणी प्रमाणपत्रावर दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं मालासकट गाडीचं जास्तीत जास्त मान्य वजन. या दुसऱ्याला आपण एकूण वजन म्हणू. एकूण वजनातून रिकामं वजन वजा केलं की जे उरतं, तेच पासिंग. तेवढंच तुम्हाला लादता येतं.

त्या उरलेल्यात फक्त कुंड्या आणि माती येत नाही. शेजारी बसलेला मदतनीस, नंतर वेल्डिंग करून बसवलेली जाळी, कायम गाडीतच पडून असलेलं गवत कापायचं यंत्र, पाइपाची गुंडाळी, फावडी-टिकाव, पाण्याचा ड्रम, सगळं त्यातूनच वजा होतं. दोनशे लिटरचा ड्रम भरलेला असेल तर पाण्याचेच दोनशे किलो झाले. दीड टनाच्या गाडीत प्रत्यक्षात सव्वा टनच माल जातो तो असा.

माती दिसते थोडी, भरते फार

इथे जरा थांबायला हवं, कारण बागकामाची गाडी चुकते ती बहुतेक इथेच. भाजीवाल्याचा किंवा फर्निचरवाल्याचा हौदा भरतो तेव्हा गाडीची ताकद साधारण शिल्लक असते. मातीचं नेमकं उलट. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि पासिंग कधीच संपलेलं असतं.

आपल्याकडे माती ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. ओलसर सैल माती घनमीटरला साधारण १.३ ते १.६ टन भरते, म्हणजे एक ब्रास सुमारे चार टन. आता छोट्या हत्तीचा हौदा घ्या. साधारण २.२ मीटर लांब, दीड मीटर रुंद, फाळक्याची उंची एक फूट. हौदा फाळक्याच्या काठापर्यंत मातीने भरला तर जेमतेम एक घनमीटर, ब्रासचा तिसरा भाग. पण वजन १३०० किलोच्या वर जातं. या गाडीची साधी आवृत्ती ७५० किलोंची आहे. म्हणजे काठोकाठ भरलेली छोटा हत्ती जवळजवळ दुप्पट ओझं घेऊन चाललेली असते. आणि पावसात भिजलेली माती याहून जड.

लॉनच्या कार्पेटचं तसंच. खाली इंचभर मातीचा थर असेल तर एक चौरस फूट तीन किलोच्या पुढे जातं. पाचशे चौरस फुटांचं अंगण म्हणजे दीड टनाच्या वरचा माल, आणि गुंडाळ्या रचल्या की तो हौद्यात इतका बारीक दिसतो की अजून शंभर फूट टाका असं कोणीतरी म्हणतंच. मोठं झाड हलवताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा, म्हणजे हुंडी, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल धरली तर एकट्या हुंडीचे अडीचशे किलो होतात. अशी चार झाडं म्हणजे एक टन.

याउलट छाटणीच्या फांद्या, पालापाचोळा, कोकोपीट, रिकाम्या कुंड्या. यांनी हौदा ओसंडून वाहतो, वजन मात्र किरकोळ. म्हणून बागकामवाल्याला एका गाडीत दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात. मातीसाठी मजबूत पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, आणि पालापाचोळ्यासाठी उंच जाळी. उंच जाळी बसवायला माझी हरकत नाही. भीती एवढीच की जाळी असली की पुढच्या खेपेला कोणीतरी शेणखत तिच्या काठापर्यंत भरतो. शिवाय हौद्यात कायमचे बदल करायचे तर आरटीओच्या मंजुरीशिवाय करू नयेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बनावटीत मनमानी बदल करायला मनाई करतं आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकं तेच बघते.

ओझं हौद्यात कुठे ठेवायचं

दोन माणसं खांद्यावर बांबू घेऊन त्याला लटकवलेलं ओझं नेत असतील तर ओझं ज्याच्या जवळ, त्याच्या खांद्यावर भार जास्त. गाडीचे पुढचे आणि मागचे आस (ॲक्सल) हे ते दोन खांदे. बिनबोनेटच्या गाडीत केबिन, इंजिन आणि माणसं हे सगळं आधीच पुढच्या आसावर असतं, माल बराचसा मागच्या आसाकडे झुकतो. हुंड्यांची झाडं उतरवायला सोपं म्हणून मागच्या फाळक्याशी ठेवली, तर ओझं मागच्या आसाच्याही पलीकडे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग पोकळ वाटायला लागतं, ब्रेक दाबला की पुढच्या चाकांची पकड कमी पडते. दिवे घाटात किंवा कात्रजच्या उतारावर हे कळून उपयोग नाही. जड माल केबिनच्या भिंतीला लागून, हलका माल मागे. उतरवताना क्रम उलटा पडतो, पडू दे.

३०००, ३५०० आणि ७५००

गाडी निवडताना एकूण वजनाच्या या तीन पायऱ्या लक्षात ठेवायच्या.

एकूण वजन ३००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. छोटा हत्ती आणि इंट्रा व्ही३० या मर्यादेच्या आत बसतात. परमिट नको याचा अर्थ फिटनेस नको असा नाही. व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला ते लागतंच.

पुढची पायरी ३५०० किलोंची. त्याच्या वरच्या ट्रकांना १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होताना केबिनमध्ये एसी बसवणं बंधनकारक झालं आहे. त्याखालच्या गाड्यांना ही सक्ती नाही, म्हणजे ज्या टेम्पोत चालकाला सगळ्यात जास्त उकडतं तो यातून सुटला.

तिसरी ७५०० किलोंची, आणि ती चालकाच्या परवान्याशी जोडलेली. साध्या चारचाकीचा परवाना असलेल्याने टेम्पो चालवला आणि अपघात झाला, तर परवाना योग्य नव्हता म्हणून विमा कंपन्या वर्षानुवर्षं दावे अडवत होत्या. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा वाद मिटवला. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणारा, ७५०० किलोंपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. म्हणजे आपण बोलतोय त्या जवळजवळ सगळ्या गाड्या तुमची कार चालवणारा पुतण्याही कायद्याने चालवू शकतो. त्याला भरलेल्या गाडीचे ब्रेक समजतात का, हे न्यायालयाने बघितलेलं नाही, तुम्ही बघा.

दंडाचंही सांगून टाकतो. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. माल गाडीबाहेर मर्यादेपलीकडे डोकावत असेल तरीही २०,०००. आडवे घातलेले पाम ज्यांच्या फाळक्यामागे डुलत असतात, त्यांनी हे दुसरं कलम वाचून ठेवावं.

"पण समोर बोनेटच नाही, धडकलं तर?"

ही शंका रास्त आहे आणि ती हसून उडवणारा विक्रेता मला आवडत नाही. बोनेट धडकेत आधी चेपतं आणि तेवढा धक्का खातं. बिनबोनेटच्या गाडीत चालकाचे गुडघे आणि समोरचा पत्रा यांत फारसं अंतर नसतं. रोज ऐंशीच्या वेगाने सोलापूर किंवा नगर महामार्गावर लांब खेपा असतील, तर मी बोनेटची गाडी घ्या असंच म्हणेन.

शहरात चित्र वेगळं. तिथे वेग कमी आणि धोका वेगळा: सोसायटीच्या आत गाडीसमोर धावत येणारं मूल, खाली वाकून रांगोळी काढणारं कोणी. बिनबोनेटच्या गाडीत समोरची जमीन अगदी जवळपासून दिसते, बोनेटमागे तो पट्टा झाकला जातो. सीटबेल्ट दोन्हींत लावायचा, हे सांगायला नको होतं.

"इंजिनवर बसायचं म्हणजे उकाडा आणि कटकट"

खरं आहे. सीटखालून ऊब येते, आवाज येतो, आणि चालक पुढच्या चाकावरच बसलेला असल्याने प्रत्येक गतिरोधक कण्यापर्यंत पोचतो. तेल-पाणी बघायला सीट उचलावी लागते, आणि सीटवर डबे, छत्र्या, पावती-पुस्तकं असा संसार मांडलेला असतो, म्हणून ते बघणं उद्यावर जातं. मोठ्या ट्रकांत अख्खी केबिनच पुढे कलते, तिथे मेकॅनिकला मोकळी जागा मिळते. पण या लहान गाड्यांत सीटच उचलायची. दर सोमवारी सकाळी सीट रिकामी करायचा नियम केला तर अर्धी कटकट संपते.

या तक्रारीवर एक वेगळं उत्तर आता आलं आहे, ते विजेच्या गाडीचं. टाटाने २०२२ मध्ये एस ईव्ही आणली, पुढे १ टनाची आवृत्तीही आली. सीटखाली तापणारं इंजिनच नाही. बागकामाच्या खेपा ठरलेल्या, गाडी दिवसातला बराच वेळ साइटवर उभी आणि रात्री नर्सरीत परत, म्हणजे हा धंदा विजेच्या गाडीला मानवणारा आहे. ईव्हीवर जीएसटी ५ टक्केच आहे. नर्सरीच्या फीडरवर रात्रभर वीज टिकते का, हे आधी बघा.

"मग सरळ दोन टनांची पिकअपच घेतो"

घ्या, पण रोज दोन टन माल असेल तर. सांभाळकामाच्या फेऱ्यांत, म्हणजे आठवड्याला लॉन कापणं, छाटणी, औषध फवारणी यांत, गाडीवर तीनशे-चारशे किलोही नसतात. मोठी गाडी बरेच दिवस रिकामी धावते आणि प्रत्येक फाटकावर अडते. वर्षातून काही वेळाच लागणारी ब्रासभर माती मातीवाल्याच्याच टिपरने मागवावी, तो भाव वाहतुकीसकटच सांगतो. मोठी झाडं हलवायला क्रेनची गाडी भाड्याने मिळते.

माझा कल स्पष्ट सांगतो. शहरात सांभाळकाम आणि लहान-मध्यम बागा करणाऱ्याने १.३ ते १.५ टनांची, एकूण वजन ३००० किलोंच्या आतली बिनबोनेटची गाडी घ्यावी. फक्त कुंड्या आणि रोपं पोचवणाऱ्या नर्सरीला छोटा हत्तीही पुरतो, मातीच्या खेपा त्याला सांगू नयेत म्हणजे झालं. फार्महाउसची कामं करणारा, भोर-मुळशीच्या कच्च्या रस्त्यांवर रोज जाणारा असेल तर त्याने पिकअपकडे वळावं. तिथे फाटकं रुंद असतात आणि रस्ता वाईट.

पोडियमवरची बाग

नव्या इमारतींत बाग जमिनीवर नसते, पार्किंगच्या छतावर असते. तिथे जायचा चढ आणि वरच्या तुळईची उंची बोर्डावर लिहिलेली असते. छोट्या हत्तीची केबिन सव्वासहा फुटांच्या आत असते, पण त्यावर उंच जाळी आणि जाळीवर अरेका पाम असला तर बोर्डाचा काही उपयोग राहत नाही. उंचीहून महत्त्वाचा प्रश्न स्लॅबचा. भरलेल्या गाडीचं वजन चार चाकांखालच्या तळहाताएवढ्या जागांतून खाली उतरतं. अग्निशमन बंबासाठी राखलेला मार्ग त्या हिशोबाने बांधलेला असतो, शेजारची फरसबंदी असेलच असं नाही. तो मार्ग कोणता हे सोसायटीच्या कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी परवानगी देणारा सुरक्षारक्षक फरशी फुटल्यावर सुट्टीवर असतो.

माळी कुठे बसणार?

केबिनमध्ये चालकाशेजारी एक, फार तर दोघं. उरलेले मातीच्या पोत्यांवर बसून जाताना सगळीकडे दिसतात. ते बेकायदा तर आहेच, आणि काही झालं तर विमा त्यांच्या बाजूने उभा राहील याची खात्री नाही. मागे सीट असलेल्या गाड्या मिळतात, बोलेरो कॅम्पर त्यातली, पण तेवढा हौदा आखूड होतो. चार-पाच जणांची टोळी रोज हलवायची असेल तर दोन दुचाकींचं पेट्रोल द्या. हिशोबात ते स्वस्तच पडतं.

जीएसटी कमी झाला, कोणाचा फायदा?

करपूर्व किंमत सात लाख असेल तर २८ ऐवजी १८ टक्क्यांनी सत्तर हजार वाचतात. पण सगळ्यांचे नाही. बाग करून देण्याच्या सेवेवर तुम्ही जीएसटी लावून बिल देत असाल, तर मालवाहू गाडीवर भरलेला कर तुम्हाला आधीही वजावटीत मिळत होता. तुमच्यासाठी एवढंच झालं की कमी पैसे अडकतात. जिवंत रोपांवर मात्र जीएसटी शून्य आहे, त्यामुळे नुसती रोपं विकणाऱ्या नर्सरीला ही वजावट मिळत नाही. खरा फायदा तिचा. दोन्ही धंदे एकाच नावावर असतील तर वजावट वाटून घ्यावी लागते. गाडी कोणाच्या नावाने घ्यायची हे बुकिंगआधी सीएला विचारा, नंतर नाही.

जुनी गाडी बघताना

बागकामात वापरलेली जुनी गाडी घेत असाल तर इंजिनाआधी हौदा बघा. ओलं शेणखत आणि रासायनिक खत पत्रा खातात, आणि ते आतून रबरी चटई किंवा प्लायवूडखाली चालू असतं. चटई उचलायला सांगा. मग वाकून चासी आणि हौदा जिथे जोडले आहेत तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचा. मागचे पाटे सपाट झालेत का, किंवा पाट्यांत जादा पान घातलं आहे का, तेही बघा. जादा पान घातलेली गाडी आयुष्यभर पासिंगच्या वर भरलेली असते, तिचे ब्रेक आणि मागचा आस तसाच थकलेला असणार. विकणारा म्हणेल, गाडी मजबूत केली आहे. किंमत पाडून मागा, किंवा पुढची गाडी बघा.